ट्रेसिंगवर नसलेली ओळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर खाली प्रतिक्रियांत कुणी माझं डोकं खायला नको. मी असल्या गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञांची फ्रेम दर्शनी भिंतीवर आहे आणि लिंबू फक्त सरबताला वापरतात. बाबा अमावस्या बघून केस कापायला जायचे, कारण त्या दिवशी न्हाव्याकडे गर्दी नसते! अशा घरातली मुलगी इथे येऊन ‘अनुभव’ लिहिते आहे हे कळलं, तर आमच्याकडचे लोक माझा चांगलाच समाचार घेतील... पण गेले सहा महिने तुमचे सगळ्यांचे किस्से वाचते आहे आणि आता राहवत नाही.

एक मात्र आहे. माझ्या अनुभवात पांढऱ्या साडीतली बाई नाही, पैंजणांचा आवाज नाही, चकवा नाही. रात्रसुद्धा नाही. सकाळचे नऊ वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं आणि शेजारच्या परड्यात मटण शिजत होतं.

साल १९९८, एप्रिल महिना. ठिकाण – कोल्हापूर, मंगळवार पेठ. मी तेव्हा बावीस वर्षांची. नाव सुजाता. आमचं गाव बिद्रीच्या अलीकडे, बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर. सिव्हिल इंजिनिअर होऊन मी राजारामपुरीत माने सरांच्या ऑफिसात लागले होते. सर स्ट्रक्चरल डिझायनर. म्हणजे असं बघा, घराचा नकाशा आर्किटेक्ट काढतो आणि ते घर उभं कसं राहणार, कुठल्या बीममध्ये किती लोखंड घालायचं, हे आमच्यासारखे लोक ठरवतात. घर देखणं झालं तर कौतुक आर्किटेक्टचं होतं. आमची आठवण लोकांना काही पडलं तरच येते.

मला तेव्हा स्वतःबद्दल फार म्हणजे फारच चांगलं मत होतं. कॉलेजात नंबर कधी सोडला नव्हता. गणित दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत करायचे. सर एकदा माझी वही बघून म्हणाले, “सुजाता, हे शेवटचे चार आकडे गुंडू मिस्त्रीला कुठल्या घमेल्यातून नेऊन देणार तू?” ऑफिसातले सगळे हसले. मी नाही हसले. मला वाटलं, सरांचं वय झालं.

आणि दुसरी एक खोड होती, ती जास्त वाईट. मला ‘माहीत नाही’ म्हणता यायचं नाही. गावातली पहिली इंजिनिअर मुलगी मी, साइटवर गेले की पंचवीस पुरुषांत एकटी. एकदा माहीत नाही म्हणाले की संपलंच, असं डोक्यात बसलेलं. त्यामुळे कुणी काही विचारलं की आधी मान डोलवायची आणि मग खोलीवर जाऊन पुस्तक उघडायचं, ही माझी पद्धत. चालायची पण बऱ्यापैकी.

तर मंगळवार पेठेत आप्पांचं घर चाललं होतं. आप्पा म्हणजे दुधाच्या धंद्यातला गडी माणूस. बोलले की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. घरात कधी हळू बोलले तर काकी, म्हणजे त्यांच्या बायको, “अंगात ताप हाय का?” म्हणून कपाळाला हात लावून बघायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगून टाकलं होतं –

“म्याडम, बाकीचं घर कसं बी करा. खरं गॅलरी दणकट पायजे बघा. गणपती इसर्जनाला समदी मंडळं ह्याच रस्त्यानं जात्यात. भावकी, गल्ली, पावणं... समदी आमच्याच गॅलरीत उभी ऱ्हात्यात. जुन्या घराची लाकडी गॅलरी हुती, ती बी गच्च भरायची.”

गॅलरी रस्त्यावर साडेचार फूट पुढे आलेली, पहिल्या मजल्यावर. खाली खांब नाही. आता एवढं एक तांत्रिक समजून घ्या, पुढचं सगळं सोपं आहे. अशी गॅलरी फक्त घराच्या बाजूने धरलेली असते. तुम्ही हात सरळ पुढे केला आणि त्यावर कुणी पाण्याची बादली अडकवली, तर खांद्याच्या वरच्या बाजूला ओढ बसते ना? तसंच. म्हणून अशा गॅलरीची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला लागते. ती सळई खालच्या अंगाला गेली, तर लोखंड आत आहे पण उपयोग काही नाही. गॅलरी एक दिवस सरळ खाली येते, आणि ती रिकामी असताना येत नाही, भरलेली असताना येते.

हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. परीक्षेला दहा मार्कांना यायचं.

त्या गॅलरीचं गणित मी चार पानं केलं. माझं पहिलं स्वतंत्र काम! सरांनी तपासलं, हिरव्या पेनने टिक मारली. मग ट्रेसिंगही मीच केलं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करणारी ऑफिसं तेव्हा झाली होती, पण आमच्याकडे अजून ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने खरवडायचं. कितीही हळू खरवडा, कागद उजेडात धरला की तो डाग दिसतोच. मग ते ट्रेसिंग घेऊन लक्ष्मीपुरीत प्रिंटच्या दुकानात जायचं. तिथे ट्रेसिंगखाली अमोनियाचा कागद ठेवून दोन्ही मशीनमधून काढतात आणि ट्रेसिंगवर जे असेल ते निळ्या रेषांत खालच्या कागदावर उतरतं. जे आहे तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. हे कृपया लक्षात ठेवा.

कुठल्याही स्लॅबच्या आदल्या दिवशी सर स्वतः साइटवर जाऊन लोखंड बघायचे. पण त्या वेळी त्यांना गगनबावड्याला एका शाळेच्या कामावर जावं लागलं, दोन दिवसांसाठी. मोबाइल नव्हते. गगनबावड्याला ज्या घरी ते उतरणार होते तिथला फोन लागला तर लागला. मला म्हणाले, “तू बघून घे. तुझीच गॅलरी आहे.” मी आनंदाने खाली लावलेल्या माझ्या लूनापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

आदल्या संध्याकाळी टेप घेऊन मी अख्ख्या स्लॅबवर फिरले. गॅलरीतली प्रत्येक सळई मोजली. सहा इंचाला एक म्हणजे एक, अर्ध्या बोटाचाही फरक नाही. सळया वरच्या अंगालाच बांधलेल्या. अगदी माझ्या ड्रॉइंगमधून उचलून ठेवल्यासारख्या. गुंडू मिस्त्री विडी विझवून जवळ आला. पन्नाशीचा माणूस, हाताखालून शेकड्याने स्लॅब गेलेले.

“म्याडम, आनि काय ऱ्हायलंय का? सायेब आसलं की शेवटाला काय काय सांगत आसत्यात.”

आता यावर सरळ विचारायचं ना, की बाबा रे, सर काय काय सांगतात? पण मग म्याडमला म्हायती न्हाय हे उघडं पडलं असतं. मी ड्रॉइंगवर बोट ठेवून ऐटीत म्हणाले, “ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर आहे.”

“मग झालं की,” गुंडू म्हणाला. “सकाळी साडेनऊचा मुहूर्त हाय.”

साइटवरची प्रिंट तंबाखू, चहा आणि सिमेंटच्या बोटांनी इतकी रंगली होती की तिच्यात बीम कुठला आणि डाग कुठला हे कळत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसातून ट्रेसिंग घेतलं आणि आठ वाजता लक्ष्मीपुरीत इक्बालभाईंच्या दुकानात हजर झाले. इक्बालभाईंनी माझ्यासमोर नव्या काळ्या पाकिटातून कोरा कागद काढला, माझ्यासमोर ट्रेसिंग लावलं, माझ्यासमोर मशीनमधून काढलं. तिथे अमोनियाचा वास असा असायचा की गिऱ्हाईक रडतच बाहेर पडायचं. डोळे पुसत मी प्रिंट गुंडाळली, रबर लावला, ट्रेसिंग नळीत घातलं, आणि लूना थेट मंगळवार पेठेत.

तिथे म्हणजे जत्राच. ज्यांनी कोल्हापुरात स्लॅबचा दिवस बघितलाय त्यांना सांगायला नको. मिक्सर आला होता, बाया घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या, आप्पांचे पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. परड्यात काकी आणि त्यांच्या जावांनी तांबड्या-पांढऱ्याची तयारी चालवली होती. आप्पा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात नारळ. मी शिडीने वर गेले आणि प्लायवर प्रिंट उघडून चारही कोपऱ्यांवर खडीचे दगड ठेवले.

गॅलरीचा छेद, म्हणजे ती उभी कापली तर आत कशी दिसेल ते चित्र, मी ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात काढला होता. आता त्यात वरच्या सळईला एक बारीक बाण दिसत होता आणि बाणाच्या टोकाशी मराठीत लिहिलं होतं –

हे कशावर उभं आहे?

मंडळी, अंगावर काटा वगैरे काही आला नाही. राग आला! आमच्या ड्रॉइंगवर एक अक्षर मराठीत नसतं, सगळं इंग्रजीत. कुणी तरी माझ्या ट्रेसिंगवर चेष्टा केली होती, ऑफिसातल्याच कुणी तरी. तिरमिरीत नळीतून ट्रेसिंग काढलं आणि तो कोपरा बघितला. काही नाही. उन्हात धरलं. बाण नाही, ओळ नाही, खरवडल्याचा डागसुद्धा नाही. परत प्रिंट बघितली. ओळ आहे. निळी, बाकीच्या रेषांसारखीच निळी, त्याच जाडीची. बोटाने घासून बघितली, थुंकी लावून बघितली. पेनाची असती तर पसरली असती. नाही पसरली.

मी एकदा ट्रेसिंग, एकदा प्रिंट, असं किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. तेवढ्यात फळ्या घेऊन एक कामगार माझ्या शेजारून गॅलरीवरून गेला. चांगला दणकट गडी. तो ज्या सळयांवर पाय देई त्या खाली जाऊन प्लायला टेकत होत्या. टक्... टक्... टक्. तो गेल्यावर त्या थोड्या वर आल्या. थोड्याच. पूर्वी होत्या तिथे नाही आल्या.

आणि मला कळलं.

माझ्या चार पानांच्या गणितात सळई वर होती. ड्रॉइंगमध्ये वर होती. पण ती तिथे वर राहणार कशाच्या आधाराने, हे कुठेच नव्हतं. कारण कॉलेजात सळई हवेत राहते! फळ्यावर प्राध्यापकांनी जिथे रेघ मारली तिथे ती चार वर्षं राहते, तिच्यावरून कुणी चालत नाही. इथे पंचवीस माणसं दुपारपर्यंत घमेली घेऊन तिच्यावरून चालणार होती. संध्याकाळी स्लॅब गुळगुळीत झाला असता, वरून सुरेख दिसला असता आणि आत सगळं लोखंड तळाला बसलेलं असतं. मग गणपती, मग मंडळं, मग आप्पांची भावकी...

खाली मिक्सर सुरू झाला.

“गुंडूमामा!” मी ओरडले. “सळया खाली जाऊ नयेत म्हणून काय लावतात?”

“चेअर लावत्यात की,” गुंडू म्हणाला, जसं काही मी पाणी कशाने पितात असं विचारलं होतं. “सळईचंच तुकडं वाकवून. स्टुलागत. त्येच्यावर वरची सळई बसत्या.”

“मग लावल्या का नाहीत?”

“सायेब दर टायमाला तोंडी सांगत्यात, इतक्या इतक्या लाव म्हून. काल इचारलं की तुमास्नी. तुमी म्हनला समदं बरोबर हाय. मला वाटलं हिला नगं आसतील.”

मी म्हणाले, “थांबवा. चेअर लावल्याशिवाय गॅलरी भरायची नाही.”

आता साडेनऊला पाच मिनिटं कमी होती. खालून आप्पांचा आवाज आला, तो पंचगंगेपर्यंत गेला असावा. “काय झालं गुंडू? कशाला थांबलाय?”

गुंडूने सांगितलं. आप्पा शिडी चढून वर आले, नारळ हातातच. “काल बघून गेलीयास न्हवं? काल बरोबर हुतं, आज कसं चुकलं? सायबाला बोलीव.”

“सर गगनबावड्याला आहेत.”

“मग सायेब येऊस्तोवर काय मिक्सरचं भाडं खाऊ? पोरी, मुहूर्त टळतोय. गुंडू, टाक रं पयलं घमेलं.”

मी जाऊन गॅलरीच्या सळयांवर बसले. खरंच बसले, मांडी घालून, ड्रेस, ओढणी, सगळ्यासकट. मग रांगेतली एक बाई खुदकन हसली आणि खालून कुणी तरी म्हणालं, “खुळी झाली म्याडम.”

“आप्पा,” मी म्हणाले. माझा आवाज रडवेला येत होता, तरी म्हणाले. “चूक माझी आहे. मला काल माहीत नव्हतं. आज कळलंय. विसर्जनाला इथे किती माणसं उभी राहतात?”

“पस्तीस-चाळीस.”

“पुढे कोण असतं?”

आप्पांनी गॅलरीच्या कडेकडे बघितलं. “बारकी पोरं. आनि म्हातारी, माजी आय. तिला खुर्ची टाकतो म्होरं.”

“मग मला दीड तास द्या.”

गुंडूने डोक्याचा रुमाल सोडला आणि परत बांधला, आणि एकदम सहज म्हणाला, “आप्पा, मुहूर्ताला पयलं घमेलं टाकायचं हाय न्हवं? ते मागच्या खोलीवर टाकू. मागनं भरत येऊ. गॅलरी शेवटाला. तवर हितं चेअर हुत्यात. आनि म्याडम, तुमी उठा आता, न्हायतर तुमच्याच वजनानं समदं खाली जाईल.”

सगळे हसले. या वेळी मीपण हसले, डोळे पुसत, आणि अमोनियाचा वास अजून गेला नाही असं सांगितलं.

आप्पांनी मागच्या खोलीवर नारळ फोडला. पहिलं घमेलं साडेनऊच्या ठोक्याला पडलं. गुंडूने दोन माणसं चेअर वाकवायला बसवली आणि मी पहिल्यांदा हातात तारेचा आकडा घेऊन त्या बांधायला शिकले. अठ्ठावीस चेअर लागल्या. वर चालायला फळ्यांची वाट केली. कुणी फळी सोडून सळईवर पाय दिला की मी अशी ओरडायचे की दुपारपर्यंत बाया मला बघून आधीच फळीवर उड्या मारायला लागल्या. गॅलरी अडीच वाजता भरली. तेव्हाही मी तिथून हलले नाही, काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर चालवणाऱ्याच्या पाठीमागे उभी होते, सळई वरच आहे ना हे वाकून वाकून बघत.

जेवायला बसलो तेव्हा आप्पांनी स्वतः माझ्या ताटात रस्सा वाढला. “खा. भांडलीयास लई, भूक लागली आसंल.” एवढंच. माणूस मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सर आले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. प्रिंट आणि ट्रेसिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षर त्यांचं नव्हतं. सरांचं अक्षर म्हणजे मुंगीला शाईत बुडवून सोडल्यासारखं, ते ऑफिसात कुणालाही ओळखता यायचं. हे अक्षर टपोरं, सावकाश काढलेलं. ऑफिसातल्या तिघांचंही नव्हतं, माझं तर नव्हतंच.

आम्ही दोघं लक्ष्मीपुरीत गेलो. इक्बालभाईंनी त्याच ट्रेसिंगच्या लागोपाठ तीन प्रिंटा काढल्या. एकीवरही ती ओळ नाही. मशीनची काच पुसून बघितली, आत एखादी चिठ्ठी चिकटलीय का बघितलं. पाकिटातले उरलेले कागद कोरेच मशीनमधून काढून बघितले. काही नाही. शेवटी इक्बालभाई कान पकडून म्हणाले, “सर, तीस वर्सं झाली ह्या धंद्याला. मशीन एखादी रेघ खाती, हे बघितलंय. मशीन आपल्या मनानं लिवती, हे न्हाय बघितलं कधी.”

परत येताना सर रस्त्यातच थांबून म्हणाले, “कुणीही लिहिलं असू दे. प्रश्न बरोबर होता. आणि तो तुला नाही, मला होता. वीस वर्षं मी हे तोंडी सांगत आलो. मी नसलो तर कोण सांगणार, याचा विचारच नाही केला.” त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर चेअर काढलेल्या असतात, मापासकट, संख्येसकट. कोल्हापुरातले मिस्त्री सुरुवातीला हसायचे, आमचं ऑफिस स्टुलंसुद्धा काढून देतं म्हणून. हसू देत.

आता तुम्ही विचाराल, ती प्रिंट कुठे आहे, फोटो टाका. तर ती मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावली होती, खिडकीच्या उजेडात. अमोनियाची प्रिंट उन्हात उडते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण मला नाही सुचलं. दोन-तीन वर्षांत कागद पिवळा पडला आणि सगळं गेलं. बीम गेले, गॅलरी गेली, ओळही गेली. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे एक पिवळा कागद आहे. सरांनी बघितली होती, इक्बालभाईंनी बघितली होती, गुंडूने बघितली होती. त्याला वाटलं सरांनीच लिहिलंय, आणि मी त्याला तसंच वाटू दिलं.

मित्रमंडळींनी बरीच स्पष्टीकरणं दिली. कोऱ्या कागदावर आधीच कुणी लिहिलं असेल. असेल, पण बंद पाकिटातल्या कागदावर, नेमकं माझ्या गॅलरीच्या छेदाशी, बाणासकट? कुणी म्हणालं, तुझ्या अंतर्मनाला माहीत होतं. अंतर्मनाला माहीत होतं तर त्याने आदल्या संध्याकाळी गुंडूसमोर तोंड का नाही उघडलं? आणि अंतर्मन अमोनियाच्या कागदावर लिहीत नाही, एवढं तरी मला कळतं.

त्या वर्षी गणपती विसर्जनाला आप्पांनी आग्रहाने बोलावलं, घरच्यांना घेऊन ये म्हणून. मला वाटलं बाबा येणार नाहीत. आले. इस्त्रीचे कपडे घालून, आईला घेऊन, सकाळच्या एसटीने. दारातच आप्पांना म्हणाले, “मी मिरवणूक बघाय आलो न्हाय हं. लेकीची गॅलरी बघाय आलोय.”

“या की पावणं!” आप्पा गरजले. “कशाला बी या, खरं या!”

दुपारी तीनच्या सुमारास मंडळं यायला लागली. मी खाली रस्त्यावरच उभी राहिले. वर जायचं धाडस होईना. खालून एकेक डोकं मोजत होते. सव्वीस... एकतीस... पुढे कठड्याला टेकून पोरं, मध्ये खुर्चीवर आप्पांची म्हातारी आई, अगदी कडेला माझे आई-बाबा. बेचाळीस! मनातल्या मनात चार पानांचं गणित परत केलं. बरोबर येत होतं. अठ्ठावीस चेअर परत मोजल्या. त्याही बरोबर येत होत्या. तरी डोकी पहिल्यापासून परत मोजायला लागले.

बाबांनी वरून मला बघितलं. कारखान्यात जाळीवर पाय देण्याआधी आपटून बघायची त्यांची सवय, तसे त्यांनी गॅलरीत दोनदा दाणदाण पाय आपटले आणि हाक मारली, “सुजे! खाली काय करालीयास? वर ये!”

गेले. काय करणार! गॅलरीत पाय ठेवताना डोळे मिटले होते, हे इथे पहिल्यांदाच कबूल करते. आप्पा अख्ख्या गॅलरीला सांगत होते, “ही बघा ती. मुहूर्ताला माझ्या स्लॅबवर मांडी घालून बसलीती.” म्हातारीने माझा हात धरून मला शेजारी उभं केलं.

बाबा हळूच म्हणाले, “ते कागदावरचं लिवलं कुनी, कळलं का?”

“नाही बाबा. सगळं करून बघितलं. माहीत नाही.”

मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. बाबांनी थोडा विचार केला. “मग माहीत न्हाय म्हनायचं. भूत म्हनू नगंस, देव म्हनू नगंस, आनि उगं काय तरी जुळवून बी सांगू नगंस. माहीत न्हाय म्हनाय लाजायचं काय? आमच्या बॉयलरवर ज्याला माहीत न्हाय म्हनाय येत न्हाय, त्याला आमी व्हॉल्व्हला हात लावू देत न्हाय.”

तेवढ्यात खाली हलगी कडाडली आणि बेचाळीसच्या बेचाळीस माणसं एकदम कठड्याकडे सरकली. मी बाबांचा दंड गच्च पकडला. गॅलरी केसभरसुद्धा हलली नाही. म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होती.

दहा वर्षं झाली. सर आता निवृत्त झालेत, ऑफिस मी चालवते. ती ओळ कुणी लिहिली, कशी उतरली, मला माहीत नाही. हे मी आता कुठेही मोठ्याने म्हणू शकते, भर साइटवर, पंचवीस माणसांसमोरसुद्धा.